फाइल वाचता येते, पायरी दिसत नाही

‘नजर कमी होतेय हे ऑफिसात कळलं, तर घरी बसवतील का?’ डोळ्यांचा आजार हळूहळू वाढत जाणारा असेल तर नोकरदार माणूस ‘डोळे वाचतील का’ याच्याही आधी हा प्रश्न विचारतो. पुढचं प्रकरण अशाच एका गृहस्थांचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 43. तालुक्याच्या सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहायक, नोकरीला 19 वर्षं झालेली. सल्ल्यासाठी आले ते पत्नीसोबत, आणि बोलायला सुरुवात तिनेच केली. “हे दिवस मावळला की घराबाहेर पडत नाहीत. लग्नकार्यात माझा हात सोडत नाहीत. लोक म्हणतात, बायकोवर लई जीव.” हसता हसता तिचे डोळे भरून आले. ऑफिसात ते दोनदा स्टुलाला अडखळून पडले होते. दुसऱ्या वेळी ‘जेवणाच्या सुट्टीत घेऊन येतात’ अशी कुजबुज झाली, आणि त्यांनी ती खोडून काढली नाही. दारूचा आळ परवडला, पण डोळ्यांचं कळायला नको, असा त्यांचा हिशेब.

निदान सहा वर्षांपूर्वीच झालेलं होतं: रेटिनायटिस पिग्मेंटोसा, सगळे आरपी म्हणतात तो आजार. यात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, अंधुक उजेडात आणि कडेचं पाहणाऱ्या दंडपेशी आधी मरतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते आणि मग नजर कडेकडून आत आक्रसत जाते. मधली नजर मात्र बरीच वर्षं टिकते. असा माणूस सात-बारावरचा बारीक अक्षरातला शेरा वाचतो आणि लगेच समोरच्या खुर्चीवर आदळतो. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं.

पत्नीलाही मनातून तसंच वाटत होतं. तिला एक प्रयोग करायला दिला. ए-फोर कागदाची 21 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर रुंद तोंडाची सुरळी करायची, एक डोळा मिटून दुसऱ्याला ती लावायची आणि खोलीभर चालायचं. अशा सुरळीतून जेमतेम 13-14 अंश दिसतात. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचून दाखवली आणि पुढच्याच पावलाला तिचा गुडघा टेबलाला लागला. त्यानंतर ‘नीट बघून चाला ना’ हे वाक्य त्या घरात ऐकू आलं नाही. समजावून सांगण्यापेक्षा ही सुरळी लवकर काम करते. वरिष्ठांना भेटायला जातानाही कागद बरोबर ठेवावा.

पहिला विषय मोटरसायकलचा निघाला. ते अजून दिवसा गाडी चालवत होते. एवढ्या आक्रसलेल्या नजरेत बाजूने येणारं पोर किंवा जनावर अगदी चाकापाशी येईपर्यंत दिसत नाही. गाडी त्याच आठवड्यात बंद करा, असं स्पष्ट सांगितलं. इतर गोष्टी पटायला त्यांना वेळ दिला, ह्या गोष्टीला दिला नाही.

मग प्रमाणपत्र. वर्षभरापूर्वी कुणालाही न सांगता ते एका रुग्णालयात जाऊन आले होते. तिथे फक्त अक्षरांच्या तक्त्यावर नजर तपासली, दोन्ही डोळ्यांची 6/9, म्हणजे जवळपास पूर्ण निघाली, आणि अपंगत्व शून्य. ‘सरकारच म्हणतंय मला काही झालेलं नाही,’ हे त्यांनी मनाला लावून घेतलं. आरपी आणि काचबिंदूच्या रुग्णांच्या बाबतीत ही चूक वारंवार होते, कारण तक्ता मधली नजर मोजतो आणि यांची गेलेली असते कडेची.

कायद्यात दोन्ही मोजमापं आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे चांगल्या डोळ्याची चष्म्यासह नजर 6/18 पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टिक्षेत्र (डोळा न हलवता दिसणारा भाग) 40 अंशांपेक्षा कमी उरलं असेल, तर ती अल्पदृष्टी. 3/60 पेक्षा कमी नजर किंवा 10 अंशांपेक्षा कमी क्षेत्र म्हणजे अंधत्व. दोन्ही डोळ्यांचं क्षेत्र 40 ते 20 अंशांत असलं तर 40 टक्के अपंगत्व धरतात, 20 ते 10 अंशांत असलं तर 70 टक्के. (एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर 30 टक्केच मिळतात. सवलतींसाठी लागणारी चाळीसची रेषा गाठली जात नाही, आणि यावरून बरेच जण निराश होऊन परततात.)

या वेळी आधी पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घेतली. ती सकाळी करावी, कारण दमलेला माणूस उजेडाच्या ठिपक्याला बटण दाबायचं विसरतो आणि अहवाल ‘अविश्वसनीय’ म्हणून येतो. मूळ आलेख, पडद्याचे फोटो आणि जुने केसपेपर एका फाइलमध्ये लावले. स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा देऊन यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरला आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या दिवशी आलेख आपणहून टेबलावर ठेवला. कागदावर 70 टक्के आले. दोन गोष्टी तिथल्या तिथे वाचून घ्यायच्या असतात: प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं, आणि आजार ‘वाढत जाणारा’ असा नोंदला आहे का. ती नोंद असली की पुढे टक्केवारी वाढवून घेताना पहिल्यापासून वाद घालावा लागत नाही. निर्णय मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. त्यांची जुनी मुदत केव्हाच उलटली होती, म्हणून नवा अर्ज.

प्रमाणपत्र हातात आलं आणि ते चार आठवडे कपाटात पडून राहिलं. हे अनपेक्षित नव्हतं. त्या कागदाने बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटत नाही, शिक्का बसल्यासारखं वाटतं. या काळात अर्जाची घाई केली नाही. फक्त एक प्रश्न लिहून आणायला सांगितला: लपवण्यासाठी रोज काय काय करावं लागतं? यादी दीड पानाची झाली. जिना चढताना फोनवर बोलल्याचं सोंग, चहाला न जाणं, बढतीच्या परीक्षेचा फॉर्मच न भरणं, चारला पोटदुखी काढून निघणं. यादी त्यांनी स्वतः मोठ्याने वाचली आणि शेवटी म्हणाले, “एवढ्या मेहनतीत दुसरी नोकरी झाली असती.”

आता मूळ प्रश्न. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर याच 2016 च्या कायद्याच्या कलम 20(4) प्रमाणे त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावर ढकलताही येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या, त्याच लाभांच्या दुसऱ्या पदावर द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, अधिसंख्य, म्हणजे त्याच्यापुरत्या निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. 1995 च्या जुन्या कायद्यातही असंच कलम होतं. त्यावरच्या कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये सांगितलं की, पाय गमावलेल्या शिपायाला अपंगत्व निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवलं म्हणून हे संरक्षण संपत नाही.

धोका असतो तो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सहीत. यांच्या वरिष्ठांची पहिली प्रतिक्रिया, तीही चांगल्या मनाने, अशी होती: “कशाला त्रास काढताय, स्वेच्छानिवृत्ती घ्या, पेन्शन बसेल.” स्वतःहून निवृत्ती मागणाऱ्याला ‘मला काढलं’ असं नंतर सांगता येत नाही. त्यामुळे निवृत्तीचा अर्ज, राजीनामा किंवा ‘खालचं पद चालेल’ असं पत्र, यातल्या कशावरही सही करायची नाही, हे आधीच ठरलं होतं.

अर्ज एका पानाचा झाला. अपंगत्व सेवेत असताना आलं आहे, प्रमाणपत्र जोडलं आहे, कलम 20(4) चं संरक्षण लागू आहे. आणि मागण्या नेमक्या: संध्याकाळच्या व गावभेटीच्या कामातून वगळावं, टेबल खिडकीजवळ पण पाठीला उजेड येईल असं असावं, ये-जा करण्याच्या वाटेवरची खोकी व वायर हटवावी, संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) बसवायला परवानगी मिळावी. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य खोडलं. ते आलं की अर्ज हक्काचा न राहता विनंतीचा होतो. आवक क्रमांक आणि तारखेची पोच घेतली. उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तिथवर जावं लागलं नाही, तरी दोन महिने गेले आणि दोन स्मरणपत्रं लागली. टेबल बदललं, पद आणि पगार तेच राहिले.

खासगी नोकरीत कलम 20(4) लागू नाही, हे मोकळेपणाने सांगावं लागतं. तिथे आधार घ्यायचा तो भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम 3 चा आणि कंपनीला करावं लागणाऱ्या समान संधी धोरणाचा. लढाई जास्त कठीण असते.

कागद बाजूने लागला तरी काम यायला हवं. मेहुण्याने मोठं भिंग भेट दिलं होतं आणि ते वापरून त्यांचं डोकं दुखायचं. आरपीत भिंग उलटं पडतं. अक्षर मोठं केलं की उरलेल्या नजरेच्या नळीत एका वेळी दोनच अक्षरं मावतात. त्यांना फायद्याचं ठरलं ते काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर, आणि उन्हातून आत आल्यावर डोळे दिपू नयेत म्हणून पिवळसर काचांचा चष्मा. मोतीबिंदू आणि पडद्यावरची सूज आरपीत बऱ्याचदा येते. त्या दोन्हींवर उपचार आहेत, म्हणून ‘इलाज नाही’ म्हणून वार्षिक तपासणी बंद करू नये.

मधली नजर टिकून आहे तोवरच स्क्रीन रीडर शिकून घ्यावा. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी वाचतो, आणि पेनड्राइव्हवरूनही चालतो, त्यामुळे ऑफिसच्या संगणकावर बसवायची परवानगी लांबली तरी अडत नाही. संगणकावर बसवलेला असला की कंट्रोल-ऑल्ट-एन ने तो सुरू होतो, इन्सर्ट-एक दाबलं की सराव करता येतो, कुठलीही कळ दाबली की फक्त तिचं नाव ऐकू येतं. त्यांना अडचण वेगळीच आली. कार्यालयातली जुनी पत्रं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये होती आणि स्क्रीन रीडर ती अर्थहीन चिन्हांसारखी वाचायचा. मजकूर युनिकोडमध्ये असला तरच मराठी ऐकू येते. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसतं चित्र, ती आधी ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावी लागते. म्हणून पुढची सगळी पत्रं युनिकोडमध्येच करायची, एवढं सहकाऱ्यांकडून कबूल करून घेतलं. प्रशिक्षणासाठी राज्यात नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड म्हणजे नॅबच्या शाखा आहेत, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आणि तिचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातलं संसाधन केंद्र आहे.

पांढऱ्या काठीला त्यांनी सर्वांत जास्त विरोध केला. ‘मला दिसतंय तोवर काठी कशाला?’ पण आरपीत काठी डोळ्यांऐवजी नसते. नळीबाहेर राहिलेल्या जमिनीवर, पायरी, खड्डा, झोपलेलं कुत्रं यांवर तिचं काम असतं. उंची साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत, झोका खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त, आणि डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे. घडीची काठी घेतली आणि आधी स्वतःच्या गावापासून दूर, दुसऱ्या तालुक्यात सराव केला. लाजेला जागा बदलून हरवणं, ही जुनी युक्ती.

सवलती त्यांनी विचारल्या नव्हत्या, पण सांगणं भाग होतं: एसटीच्या तिकिटात 75 टक्के सूट, व्यवसाय कर माफ, जुन्या करप्रणालीत 75 हजारांची वजावट. (80 टक्के अपंगत्व असेल तर ती सव्वा लाख होते.) 

दोन गोष्टी अजून चालू आहेत. ‘स्टेम सेलच्या इंजेक्शनने नजर परत येते’ असं सांगणाऱ्या एका ठिकाणी भाऊ पैसे भरायला निघाला होता. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या विकारांपलीकडे स्टेम सेलचा (मूळ पेशींचा) वापर नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाही. अमेरिकेत त्याच वर्षी मंजूर झालेला जनुकोपचारही फक्त आरपीई65 या एका जनुकातल्या दोषासाठी आहे. भावाने पैसे थांबवले आहेत, पूर्ण पटलेलं नाही. दुसरी गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलीची. त्यांची पत्नी मामाचीच मुलगी, त्यामुळे आजार कुठल्या वळणाने घरात आला हे जनुकीय तपासणीशिवाय सांगता येणार नाही. तपासणी आधी वडिलांची करायची. त्यांच्यात दोष नेमका सापडला तरच मुलीची करण्यात अर्थ. आणि तिची करायची की नाही हे तिला विचारूनच, असं पत्नीने आपणहून सांगितलं. वडिलांच्या रक्ताचा नमुना गेला आहे, अहवाल यायचा आहे.