शाकारून ठेवलेल्या होडीचं काय करायचं?

प्रश्न : नाना, आमची होडी दोन पावसाळे हर्णैला झावळ्यांखाली पडून आहे. बाबा गेल्यापासून पाण्यात उतरली नाही. सागवानी आहे, दोन सिलिंडरचं इंजिन. ते आईच्या पाटल्या मोडून घेतलं होतं. दोघं भाऊ मुंबईला नोकरीत, मी चिपळूणला दिलेली. तीन गिऱ्हाइकं आलीत. एकाला फक्त इंजिन आणि नोंदणीचा नंबर हवाय. रोख देतो, नावावर करायचं मागाहून बघू म्हणतो. एका रिसॉर्टवाल्याला होडी बागेत मांडायचीय. तिसरा चुलतभाऊ, तो मासेमारी करणार, पण पैसे कमी आणि तेही हप्त्याने. आई कुणालाच हो म्हणत नाही. भाऊ म्हणतात, तिचा जीव अडकलाय, तिला न सांगताच उरकू. जाळ्यांचं काय करावं तेही सांगा.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी भावांना निरोप द्या की होडी त्या दोघांची नव्हे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, दोन भाऊ आणि तुम्ही असा चौघांचा सारखा हिस्सा. बाबांची आई हयात असेल तर तिचाही. तुमचं लग्न झालं म्हणून तुमचा वाटा कमी होत नाही. मच्छीमार सोसायटीत सचिव होतो तेव्हा हे कायम बघायचो: मुलगे व्यवहार ठरवून पेढे वाटून मोकळे, आणि आईच्या अंगठ्याअभावी कागद टेबलावर तसाच.

आता आईंचं. जीव अडकला असेलही. पण पाटल्यांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि मी तिथेच थांबलो. त्या पाटल्या परत झाल्या का? तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. त्यांना एकट्या गाठा आणि सरळ विचारा: इंजिनाचे पैसे आधी तुझ्या खात्यात, मग उरलेल्याची वाटणी, असं केलं तर चालेल का? माझा अंदाज, निम्मा नकार तिथेच सुटेल. कायद्याचा हिस्सा वेगळा, हे देणं वेगळं.

नंबरवाल्याला दारात उभं करू नका. नव्या नौकेला परवाना मिळवणं सोपं राहिलेलं नाही, म्हणून कुजक्या लाकडापेक्षा कागदाला भाव येतो. ‘मागाहून बघू’ म्हणजे नौका त्याची आणि नाव तुमच्या बाबांचं. तो मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलैमध्ये, बाहेर गेला किंवा मनाई असलेले एलईडी दिवे लावून मासे मारताना सापडला, तर नोटीस कुणाच्या पत्त्यावर येणार? १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून दंड लाखांत गेलेत. आणि २००८ मध्ये ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका पळवून अतिरेकी मुंबईपर्यंत आले, त्यानंतर नौकेच्या कागदांकडे पोलीसही डोळे उघडे ठेवून बघतात.

रिसॉर्टबद्दल माझं मत विचारू नका, चांगलं नाही. तरी विकायचीच तर आधी मत्स्यव्यवसाय विभागात नोंदणी रद्द करून घ्या. आईंना मात्र सांगून ठेवा की होडीत बसून पाहुणे फोटो काढतील. काही बायांना ते चालतं, काहींना नाही.

मी चुलतभावाला देईन. पण आधी होडी बघून घ्या. लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलंय का, तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर ती फळी बदलायला लागेल. दोन वर्षं कोरडी पडलेल्या होडीचे सांधे उघडतात. त्याला घाबरून भाव पाडू देऊ नका. फळ्या ओल्या गोणपाटांखाली ठेवल्या, सांध्यांत कापूस ठोकून राळ भरली की पाण्यात फुगून मिटतात. इंजिनाचं चाक हाताने फिरतंय का बघा. खाऱ्या पाण्याने इंजिन आतून गंजून जाम झालं असेल, तर किंमत भंगाराचीच. हे चुलतभावासमोर करा, म्हणजे नंतर तक्रार नको.

कागद असे: मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, चौघांच्या सह्या, सोसायटीचा ना हरकत दाखला, आणि होडीवर कर्जाचा बोजा नसल्याचा पुरावा. बोजा असेल तर तो फेडल्याशिवाय पुढे सरकू नका. निम्मे पैसे हातात आल्यावर नावावर करून द्या, उरलेल्याचं लेखी करा. हप्ते ऑगस्ट ते डिसेंबरच्या तारखांना बांधा. जून-जुलैत कोळ्याच्या घरी मागायला जाणं म्हणजे दोघांनाही मनस्ताप. हा व्यवहार नारळी पौर्णिमेआधी पुरा झाला, तर त्याला हंगाम मिळेल आणि तुम्हाला पहिला हप्ता.

जाळी. दोन वर्षं उन्हात राहिलेलं नायलॉन हाताने ओढून बघा. तुटत असेल तर कुणाला फुकटही देऊ नका, समुद्रात जाऊन गुंतेल. शिसं काढून वजनावर विका, बोये, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे गोळे, चुलतभावाला द्या.