एका वाक्यामुळे ब्लेन न्यूयॉर्क हरला का?

तुम्ही विचारलंय, 1884 च्या अमेरिकन निवडणुकीत पाद्री बर्चर्डच्या कॅथलिकांना दुखावणाऱ्या एका वाक्यामुळे रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन न्यूयॉर्क राज्य आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपद हरला का.

मला हे पटत नाही. मी न्यूयॉर्कमधल्या युटिकात 11 वर्षं राहिले. हे रॉस्को कॉंकलिंग या पुढाऱ्याचं गाव. तोही ब्लेनच्याच रिपब्लिकन पक्षाचा, पण 1866 मध्ये ब्लेनने भर सभागृहात त्याच्या चालण्याची टर उडवली आणि ते त्याने जन्मभर मनात ठेवलं. 1884 ला प्रचाराला या म्हटल्यावर साफ नकार दिला. युटिका ज्या ओनायडा काउंटीत येतं, तिथे 1880 ला रिपब्लिकन उमेदवार गारफील्ड पुढे होता. यावेळी तीच काउंटी डेमोक्रॅट क्लीव्हलँडकडे गेली. अख्ख्या राज्यात फरक होता 1,149 मतांचा, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे सगळे 36 इलेक्टर गेले.

मला हे लागतं, कारण मीही हा आरोप सोसलाय. आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीआधीच्या सभेत मी म्हणाले, "नाटकाचे पैसे जेवणावळीत घालवू नका." स्वयंपाक बघणाऱ्या बायका दुखावल्या. आमचं पॅनल 4 मतांनी पडलं. भावोजींनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुझ्या जिभेनं घालवलं." ताई खाली मान घालून बसली होती. पुढे मतदानाची यादी हातात आली. खजिनदारपद मिळालं नाही म्हणून भावोजी त्या शनिवारी घरची 3 मतं आणि मित्राकडची 2 घेऊन नायगाराला गेले होते! बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, रुसून घरी बसलेला कुणाला दिसत नाही.

दारूबंदीवाल्या पक्षाचा उमेदवार सेंट जॉन, त्याने राज्यात सुमारे 25,000 मतं घेतली, तीही बरीचशी रिपब्लिकनांचीच. त्याचं नाव कोण घेतं?

हां, बर्चर्ड अगदीच निर्दोष नाही. 29 ऑक्टोबरला, मतदानाला आठवडाही नसताना, त्याने ब्लेनसमोर डेमोक्रॅटांना 'दारू, रोमन पंथ (म्हणजे कॅथलिक) आणि बंडखोरी'वाले म्हटलं आणि ब्लेन तिथल्या तिथे काही बोलला नाही. ब्लेनची आई कॅथलिक, त्याला आयरिश कॅथलिक मतांची आशा होती; त्यातली काही नक्की गेली असणार. फरक इतका थोडा असला की कशालाही कारण म्हणता येतं. पण ओनायडाचे आकडे पाहिल्याशिवाय सगळं खापर त्या पाद्र्यावर फोडू नका. भावोजींना मी ते दोनदा दाखवलेत, शेजारी आमची यादी ठेवून. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.