ताप उतरला, पानथरी अजून उतरायची आहे

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, तालमीत जातो. १३ दिवसांपूर्वी ताप आला, घसा असा सुजला की थुंकी गिळवेना, मानेत गाठी आल्या. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल आणल्या, तर अंगभर लाल पुरळ उठलं. सांगलीला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, पण पानथरी वाढलीय, सोनोग्राफीत १५ सेंटिमीटर; महिनाभर कुस्ती बंद. आता ताप नाही, जेवतो नीट. आठ दिवसांवर गावची यात्रा आहे, त्याची जोडही ठरलीय. वस्ताद म्हणतात, ताप गेला की झालं. सासूबाई म्हणतात, पोट चोळून घेऊ, पानथरी जागेवर बसते. काय करू?
– एक आई, पलूस तालुका

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा, कारण ते आजचं काम आहे. पोट चोळायचं नाही, दाबूनही बघायचं नाही. त्यांची माया कळते, पण या घडीला तोच हात घात करू शकतो.

ताप, घसा, गाठी आणि कॅप्सूलनंतरचं पुरळ, हे सगळं एकत्र पाहिलं की बहुधा एपस्टाइन-बार विषाणूचा आजार वाटतो. हा विषाणू १९६४ साली सापडला. तो थुंकीतून पसरतो. पानथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असते, मोठ्या माणसात साधारण १५० ग्रॅमची. या आजारात ती पांढऱ्या पेशींनी भरते, फुगते, वरचं आवरण ताणून पातळ होतं आणि ती बरगड्यांखालून बाहेर येते. आता कुस्ती डोळ्यांपुढे आणा. खाली धरलेल्या पोराच्या कुशीत समोरच्याचा गुडघा नेमका कुठे बसतो?

पानथरी फुटण्याचे प्रसंग फार थोडे, हजार रुग्णांत एक ते पाच. पण ते बहुतेक पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतात, म्हणजे पोराला बरं वाटू लागतं त्याच दिवसांत. तुमची यात्रा बरोबर एकविसाव्या दिवशी येते.

उमेदवारीच्या काळातला एक मुलगा मी विसरलेलो नाही. पंधरवड्यापूर्वी ताप येऊन गेलेला. मार नाही, पडला नाही, नुसतं खताचं पोतं उचललं. डावा खांदा दुखतो म्हणून आला. मी खांदाच तपासत बसलो, तो हलवून पाहिला तर दुखत नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पोटात साचलेलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की कळ डाव्या खांद्यात उमटते. तासाभराने त्याला दरदरून घाम फुटला, नाडी धावू लागली. शस्त्रक्रिया झाली, वाचला. पण पानथरी काढावी लागली, आणि तेव्हापासून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी आणि साध्या तापालाही दवाखाना, हे त्याच्या मागे लागलं.

म्हणून जोड मोडा. आजार सुरू झाल्यापासून पुरे चार आठवडे कुस्ती नाही, जोर-बैठका नाहीत, दुधाचे कॅन उचलणं नाही. मोटरसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून जाणंही टाळा. मग डॉक्टरांनी तपासून होकार दिला की आधी चालणं, नंतर हलका व्यायाम, कुस्ती सगळ्यात शेवटी. नुसत्या सेंटिमीटरवर निर्णय होत नाही. उंच, धिप्पाड मुलांची पानथरी मुळातच मोठी असते.

डाव्या कुशीत किंवा खांद्यात अचानक कळ, घेरी, घाम, चेहरा पांढरा पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोनलासुद्धा सोनोग्राफी आणि सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या, आणि दारातच सांगा, ‘याची पानथरी वाढलेली आहे.’ त्या कॅप्सूलचं पाकीटही जपून ठेवा. असं पुरळ या आजारात उठतं, ती खरी ॲलर्जी असेलच असं नाही; पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

वस्तादांना हा अंक वाचायला द्या. त्यांनाही पोरगा हवाच आहे. आणि तालमीत सगळ्यांचा एकच तांब्या फिरत असेल, तर याचा वेगळा ठेवायला त्यांनाच सांगा.