सांगलीजवळचा जुना कचरा डेपो बंद करून वर माती टाकली आहे. शेजारच्या विहिरीचा धोका संपला का?

नाही; 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) भरावभूमी म्हणजे कचरा पुरण्याची जागा बंद झाल्यावरही किमान 15 वर्षं देखरेख आणि भूजल तपासणी सांगितली होती, कारण आतला कचरा कुजतच राहतो आणि त्यातून मिथेन वायू नि काळं लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं दूषित पाणी) सुटत राहतं. शिवाय नुसती माती म्हणजे आच्छादन नव्हे. त्या नियमांत खाली 60 सेंमी चिकणमाती, वर 15 सेंमी निचऱ्याचा थर आणि त्यावर झाडोऱ्यासाठी 45 सेंमी थर होता. आपली काळी माती एकटीच पसरली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि वळवाचं पाणी थेट कचऱ्यात उतरतं. कचरा खचून पडलेले खळगे तर दरवर्षी मृगाआधी बुजवून उतार पुन्हा काढायलाच हवेत. विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या:
- क्लोराइड (मातीत अडकत नाही, म्हणून सहसा आधी हेच वाढतं)
- नायट्रेट, विरघळलेले क्षार
- शिसं, कॅडमियम

मात्र हे 15 वर्षांचं गणित तळाशी 90 सेंमी चिकणमाती आणि 1.5 मिमी एचडीपीई (जाड प्लास्टिक) अस्तर असलेल्या जागेचं आहे. जुन्या डेपोंखाली बहुधा काहीच नसतं. तिथे बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उपसून, चाळून वेगळा करणं, हाच खरा उपाय, विशेषतः कृष्णेच्या पूरपट्ट्यात.