‘तीस टक्के घेतात, हे कायद्यात बसतं का?’ : ॲप स्टोअरबद्दल वाचकांचे प्रश्न

मी नाशिकला वकिली करतो, धंद्याचे करार आणि स्पर्धा कायदा हे माझं रोजचं काम. गेले काही महिने फोनवर, ऑफिसात, परवा तर एका लग्नाच्या पंगतीत सुद्धा एकच प्रश्न येतोय, की ॲप स्टोअरवाले (अँड्रॉइडवर गुगलचं प्ले स्टोअर, आयफोनवर ॲपलचं ॲप स्टोअर) ॲपमधल्या डिजिटल विक्रीवर एवढं कमिशन घेतात ते बेकायदा आहे ना, मग आपण का भरायचं. अर्धवट ऐकून लोक नको ते करून बसतात आणि मग माझ्याकडे येतात. म्हणून सगळे प्रश्न एकदम घेतोय.

आम्ही ॲपवरून द्राक्षं आणि बेदाण्याच्या पेट्या घरपोच देतो. गुगलला ३० टक्के द्यावे लागतील का? (दिंडोरी)

नाही. माल प्रत्यक्ष हातात जातो तिथे स्टोअरचं कमिशन नाही, यूपीआय, कार्ड काहीही लावा.

क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ॲपमध्ये विकतो. मित्र म्हणतो ३० टक्के जाणारच, त्यापेक्षा ॲपमध्ये आपला क्यूआर टाक. (गंगापूर रोड)

क्यूआर टाकू नका, ॲप उडेल. आणि ३० जाणारच हेही खरं नाही. वर्षाला पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईपर्यंत १५ टक्क्यांची सोय आहे, ॲपलची २०२१ च्या जानेवारीपासून आणि गुगलची त्याच वर्षीच्या जुलैपासून, फक्त त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि तेच लोक करत नाहीत, मग वर्षभर दुप्पट भरतात. वेबसाईटवर कोर्स विकून ॲपमध्ये फक्त लॉगिन ठेवलं तरी चालतं. आयफोनवर एका विद्यार्थ्याला एक शिक्षक अशी लाइव्ह शिकवणी असेल तर तिचे पैसे बाहेर घेता येतात, पण एका वेळी जास्त मुलं असली की नाही. तुमचं नेमकं कशात बसतं ते सध्याचे नियम आणि जीएसटी दोन्ही समोर ठेवून सीएला विचारा.

ॲप डिलीट केलं तरी दर महिन्याला पैसे कटतात. (नाशिकरोड)

ॲप काढलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन आजच बंद करा, आणि तरी कटले तर बँकेत लेखी द्या.

‘स्पर्धा आयोगाने गुगलचं कमिशन रद्द केलं, आता कोणी भरू नका’ असा मेसेज फिरतोय. खरं का? (इंदिरानगर)

खोटं आहे, पुढे पाठवू नका. त्यात स्पर्धा आयोगाचे, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, दोन आदेश एकत्र कालवलेत. २० ऑक्टोबर २०२२ चा १३३७.७६ कोटींचा दंड अँड्रॉइड फोनमध्ये गुगलची ॲप्स आधीच भरून द्यायच्या सक्तीवर होता, आणि २५ ऑक्टोबरचा ९३६.४४ कोटींचा दंड प्ले स्टोअरचंच बिलिंग (ग्राहकाकडून पैसे घ्यायची यंत्रणा) वापरा या सक्तीवर. कमिशन किती असावं हे त्या आदेशात ठरवलेलंच नाही. या दुसऱ्या आदेशावरच्या अपिलात २८ मार्च २०२५ ला दंड २१६.६९ कोटींवर आला, वर्चस्वाचा गैरवापर झाला हे काही मुद्द्यांवर कायम राहिलं, आणि प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. या भांडणातून दुसरं बिलिंग लावायची मुभा मिळाली, पण त्यात कमिशन फक्त ४ टक्क्यांनी कमी होतं, १५ चे ११, आणि पेमेंट गेटवेचा, म्हणजे कार्ड-यूपीआयचे पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा, खर्च वेगळा.

मार्च २०२४ मध्ये नोकरी आणि लग्न जुळवणारी मोठमोठी ॲप्स फीच्या वादात स्टोअरवरून काढली गेली आणि सरकार मध्ये पडल्यावर परत आली. त्यांच्यासाठी केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं, तीन जणांच्या कंपनीसाठी घालतील या भरवशावर फी थांबवू नका.

आमचा योगाचा कोर्स वेबसाईटवर ४९९ ला आणि ॲपमध्ये ५९९ ला आहे. ॲपमध्ये ‘वेबसाईटवर स्वस्त’ एवढंच लिहिलं तर अपडेट नाकारलं. ही मक्तेदारी नाही तर काय? (सातपूर)

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण सगळे टक्क्यांवर भांडतात आणि खरं दुखणं इथे आहे. मोठं असणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ मोठेपणाचा गैरवापर बघतं, म्हणजे अन्यायकारक अटी लादणं, दुसऱ्याला बाजारात येऊ न देणं. आता बाजार समितीचं बघा. पंचवटीच्या मार्केट यार्डात जागा वापरली, फी गेली, ती जास्त वाटली तर भांडू, पण तो एक दर झाला. पण ‘हाच माल माझ्या मळ्यावर स्वस्त मिळतो हे गिऱ्हाईकाला सांगायचं नाही’ अशी अट कोणी घातली तर? मग गिऱ्हाईकाला कळतच नाही की दुसरा रस्ता आहे, दुसरा रस्ता वापरलाच जात नाही, आणि दर कमी करायचं दडपण स्टोअरवर कधी येतच नाही. दर टिकतो तो या तोंडबंदीमुळे असं माझं ठाम मत आहे.

बाहेरच्या देशांतही घाव इथेच बसलाय. अमेरिकेत एपिक (गेम बनवणारी कंपनी) विरुद्ध ॲपल खटल्यात २०२१ ला न्यायाधीशांनी बहुतेक मुद्दे ॲपलच्या बाजूने दिले, पण ग्राहकाला बाहेरचा रस्ता दाखवायला बंदी घालता येणार नाही हे सांगितलं. ॲपलने मग बाहेरच्या लिंकवरून झालेल्या खरेदीवरही २७ टक्के लावले, आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने तो आदेशाचा भंग ठरवला. त्याच महिन्यात युरोपियन युनियनने याच कारणासाठी ॲपलला ५० कोटी युरोचा दंड केला. आपल्या आयोगानेही २०२२ च्या आदेशात ही अडवणूक नको असं म्हटलंय.

पण म्हणून उद्या ती ओळ परत टाकू नका, करारावर सही तुमची आहे. स्टोअरच्या बाहेर, तुमच्या वेबसाईटवर, जाहिरातीत, कोर्सच्या पावतीवर स्वस्त भाव सांगायला हरकत नसते, तरी ग्राहकाचा ईमेल कुठून मिळाला यावर अटी असतात, म्हणून मजकूर एकदा वकिलाला दाखवून मगच पाठवा. आणि नाकारल्याचा मेसेज जपून ठेवा, तो पुरावा आहे.

सिंहस्थासाठी गाईड ॲप बनवतोय. एक एजंट तयार डेव्हलपर अकाउंट विकत देतो म्हणतो, टेस्टिंगची कटकट नको. घेऊ का? (सिन्नर)

अजिबात नाही! ॲप स्टोअरवर टाकायला लागणारं हे अकाउंट गुगलकडे स्वतःच्या नावावर एकदाच २५ डॉलर भरून मिळतं, आणि नवीन वैयक्तिक अकाउंटला १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं, बस. बारा माणसं तुमच्या गल्लीत मिळतील. या एजंटांची मला खरंच चीड आहे, पोरांच्या घाईवर पैसे कमावतात. ते अकाउंट आधी कशात वापरलं तुम्हाला माहीत नसतं, आणि बंद झालेल्या अकाउंटशी संबंध दिसला की तुमचं पुढचं अकाउंट सुद्धा बंद होऊ शकतं, मग ऐन कुंभात ॲप गायब. पैसे देऊन बसला असाल तर त्यावरून काहीही अपलोड करायच्या आधी भेटा.

आठ महिन्यांपूर्वी आमचं ॲप काढलं. दोन ईमेल केले, उत्तर नाही. आता स्पर्धा आयोगात जाऊन नुकसान भरून मागायचंय. (मालेगाव)

आठ महिने कशाची वाट बघत होतात? अकाउंटमधून रीतसर अपील करायचं असतं, साधा ईमेल म्हणजे अपील नाही. ते आधी करा, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

आयोगाचं म्हणाल तर तो बाजारातली स्पर्धा बघतो, एकेकाचे पैसे परत मिळवून देत नाही. गैरवापर सिद्ध झाल्यावर भरपाईचा अर्ज अपील न्यायाधिकरणाकडे करता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आयोगाकडे माहिती द्यायला साधारण ३ वर्षांची मुदत आहे, त्यातले आठ महिने तुमचे गेलेत. आणि तुमचं ॲप एखाद्या साध्या नियमभंगावरून काढलं असेल तर हा स्पर्धेचा विषयच नाही, तो कराराचा आहे, त्याची कोर्टाची मुदत वेगळी मोजतात. कुठला ते कागद बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. स्वीकारलेल्या अटींची तेव्हाची प्रत, काढल्याची नोटीस, शेवटच्या बारा महिन्यांचा कमाईचा रिपोर्ट आणि ते दोन ईमेल, एवढं घेऊन याच आठवड्यात वकील गाठा, मालेगावातला असला तरी चालेल.