१० इंची सबवूफरसाठी घरी पोर्टेड खोका बनवताना पाइपची लांबी कशी ठरवावी?

तुमच्याकडे १० इंची सबवूफर आहे आणि सुतार ५० लिटरचा खोका करून देणार आहे, एवढीच माहिती प्रश्नात आहे. त्यामुळे आधी एक तपासणी करून घ्यावी. स्पीकरच्या माहितीपत्रकात एफएस (Fs, स्पीकर मोकळा असताना स्वतःहून ज्या हर्ट्झवर घुमतो तो आकडा) आणि क्यूईएस (Qes, त्या घुमण्याला विजेच्या बाजूने किती लगाम बसतो हे सांगणारा आकडा) हे आकडे असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागल्यावर उत्तर १०० च्या जवळ आले, तर तो स्पीकर पोर्टेड, म्हणजे हवा ये-जा करायला पाइप बसवलेल्या, खोक्यास योग्य समजावा. ५० च्या जवळ आले, तर बंद खोकाच करावा आणि पाइपच्या भानगडीत पडू नये.

रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात घुमते. पोर्टेड खोक्याचे तत्त्व तेच आहे: पाइपमधील हवा हे वजन आणि खोक्यातील हवा ही स्प्रिंग. खोका ज्या स्वरावर घुमतो, तेच त्याचे ट्यूनिंग; ते हर्ट्झमध्ये मोजतात. लांबी काढण्यासाठी पाइपच्या आतल्या व्यासाच्या (सेंटिमीटरमध्ये) वर्गाला २३५६२.५ ने गुणावे, त्याला खोक्याचे लिटरमधील आकारमान आणि ट्यूनिंगच्या हर्ट्झचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावे आणि आलेल्या उत्तरातून व्यासाची ०.७३ पट वजा करावी. ५० लिटर, ३२ हर्ट्झ आणि १० सेंटिमीटर व्यास धरल्यास लांबी ३८.७ सेंटिमीटर येते. साडेसात सेंटिमीटरचा पाइप घेतल्यास ती २०.४ वरच भागते आणि मोह होतो; पण अरुंद पाइपमधून हवा वेगाने ये-जा करते आणि आवाज वाढवताच फुसफुस ऐकू येते. प्लंबिंगच्या दुकानातील ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप चालतो, मात्र ते माप बाहेरचे असते. आतला व्यास स्वतः मोजावा.

माझी चूक झाली ती आकारमानात. मी आतून बरोबर ५० लिटरचा खोका केला, पण त्यात पाइपने साडेतीन, स्पीकरने दोन आणि आडव्या पट्ट्यांनी दीड लिटर जागा खाल्ली. उरले ४३ लिटर, आणि ट्यूनिंग ३२ ऐवजी जवळजवळ ३५ हर्ट्झवर गेले. ते खाली आणण्यासाठी पाइप साडेसात सेंटिमीटरने वाढवावा लागला, तर तो मागच्या फळीला टेकू लागला. शेवटी एल्बो लावून वळवला. म्हणून सुताराला ५७ लिटरचे माप द्यावे, आतली खोली ४८ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी आणि पाइपच्या आतल्या टोकामागे किमान त्याच्या व्यासाइतकी मोकळी जागा सोडावी. फळी १८ मिलिमीटर एमडीएफची घ्यावी आणि सांधे फेविकॉलने जोडून आतून सिलिकॉन भरावे, कारण बारीकशी गळतीसुद्धा बेस बसवून टाकते.

पाइप सुरुवातीला चार सेंटिमीटर जास्तच कापावा आणि न चिकटवता नुसता घट्ट बसवावा. मग मोबाइलवरील टोन जनरेटरने कमी आवाजात २५ ते ४५ हर्ट्झपर्यंत हळूहळू जावे आणि कोनला बोट अलगद लावून पाहावे. ज्या आकड्यावर कोन जवळजवळ थांबतो आणि पाइपच्या तोंडाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर सर्वांत जास्त थरथरतो, तेच खरे ट्यूनिंग. तो आकडा ३२ च्या खाली असेल, तर पाइप थोडाथोडा कापत जावे.

त्या आकड्याच्या बरेच खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो बेफाम हलू लागतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सबसॉनिक फिल्टर (फार खालचे स्वर अडवणारी सोय) असल्यास तो २८ हर्ट्झच्या आसपास लावूनच आवाज वाढवावा.