डिक्री 2.40 लाखांची, सिबिलवर 4.71 लाख: तडजोड करावी की पूर्ण भरावे?

कर्नाटकातल्या निपाणीच्या एका किराणा व्यापाऱ्यांचे पत्र थोडक्यात असे. 2017 साली दुकानासाठी बँकेचे कर्ज घेतले, 2020 नंतर हप्ते थकले, जून 2021 मध्ये बँकेने दिवाणी दावा लावला आणि तो डिक्री झाला, म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा हुकूम बँकेच्या बाजूने निघाला. डिक्रीत 2,40,000 रुपये, त्यावर दाव्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. 9 टक्के सरळ व्याज आणि 14,000 रुपये दाव्याचा खर्च आहे. सिबिल रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालावर, मात्र बाकी 4,71,000 दिसते, शेजारी 'सूट फाइल्ड' (दावा दाखल) आणि 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेले). शिवाय एक दुचाकीचे थकीत कर्ज दिसते, जे त्यांनी कधी घेतलेच नाही. बँक 2,60,000 वर मिटवायला तयार आहे. हाताशी 6 लाख आहेत. कोल्हापुरात 25 लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे, 20 लाखांचे गृहकर्ज हवे आहे. 25,000 रुपयांत 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारा एजंटही भेटला आहे.

एजंटापासून सुरुवात करू, कारण तो विषय एका ओळीचा आहे: पैसे देऊ नका. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

आता ही नोंद आली कुठून ते पाहा. आपल्याकडे कोर्ट आपले निकाल क्रेडिट कंपन्यांना कळवत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना माहिती जाते ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडून. म्हणून हातउसन्या पैशांवरून शेजाऱ्याने तुमच्यावर डिक्री मिळवली तरी ती रिपोर्टवर येत नाही. पतसंस्थेने कर्नाटक सहकार कायद्याच्या कलम 70 खाली निवाडा मिळवला, तर तोही रिपोर्टवर सहसा दिसत नाही. पण जमिनीवर बोजा किंवा जप्ती चढवली असेल, तर कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याच्या 11 नंबरच्या रकान्यात ती दिसू शकते. रिपोर्ट कोरा म्हणून निर्धास्त होऊ नये. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा वकील ई-कोर्ट्सवर नाव टाकून दावे शोधू शकतो.

तुमचा खरा मुद्दा आहे 4,71,000 चा. बँकेच्या खातेवहीत कराराचे व्याज चढत राहिले असणार. पण दाव्याचा निकाल लागला की त्या कर्जापोटी बँकेला वसूल करता येते ती डिक्रीत लिहिलेली रक्कम. पाच वर्षांचे व्याज धरू: 2,40,000 वर वर्षाला 21,600, म्हणजे 1,08,000. खर्च 14,000. एकूण 3,62,000. डिक्रीवर बँकेने अपील केलेले नाही ना, एवढे आधी वकिलाकडून तपासून घ्या.

म्हणजे तडजोडीत वाचतात ते 2,11,000 नव्हे, 1,02,000. आणि त्या बदल्यात खात्यावर शिक्का बसतो 'सेटल्ड'चा (कमी रकमेत मिटवले), राइट ऑफनंतर मिटवले असल्याने 'पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड'चा. डिक्रीची पूर्ण रक्कम भरली तर 'पोस्ट रिटन ऑफ क्लोज्ड' मागता येते. गृहकर्जाच्या टेबलावर या दोन शब्दांत बराच फरक पडतो. 20 लाख, 15 वर्षे, 9 टक्के: हप्ता साधारण 20,285. समजा 'सेटल्ड'मुळे दर 11 टक्के लागला, तर 22,732. महिन्याला 2,447 जास्त. वाचवलेले 1,02,000 साडेतीन वर्षांत परत जातात, पुढची साडेअकरा वर्षे निव्वळ तोटा. पूर्ण भरल्याने 9 टक्क्यांचा दर मिळेलच असे नाही, थकबाकीचा इतिहास 36 महिने दिसत राहतो. पण 'सेटल्ड' घेऊन गेलात तर अनेक बँका दराची गोष्टच काढणार नाहीत.

आणि मुख्य म्हणजे तडजोडीनेही यंदा फ्लॅट होत नाही. 6 लाखांतून 2,60,000 गेले की 3,40,000 उरतात, तर स्वतःचे 5 लाख घालायचे आहेत, मुद्रांक शुल्क व नोंदणी वेगळी. खरेदी वर्षभर तरी पुढे जाणारच. मग सवलतीचा मोह कशासाठी? माझे मत पूर्ण भरण्याचे आहे. पूर्ण म्हणजे 3,62,000, एक पैसाही जास्त नाही.

काहीच न भरता वाट पाहण्यात अर्थ नाही. डिक्रीची दरखास्त (कोर्टामार्फत वसुलीचा अर्ज) 12 वर्षांपर्यंत लावता येते.

पैसे देण्याआधी बँकेकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात 'डिक्रीप्रमाणे होणारी पूर्ण रक्कम स्वीकारून खाते बंद करत आहोत, क्रेडिट कंपन्यांना क्लोज्ड व शून्य बाकी कळवू' असे शब्द हवेत. 'तडजोडीपोटी' किंवा 'ओटीएस' (एकरकमी तडजोड) हा शब्द आला तर पत्र बदलून मागा. सगळे त्या एका शब्दावर अडते. रक्कम खात्यातून द्या, रोखीने नको.

कोर्टाबाहेर भरलेत तर ती भरपाई कोर्टात नोंदवणे आवश्यक आहे (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 21, नियम 2). बँकेने स्वतः कळवले तर उत्तम. नाहीतर तुम्ही अर्ज द्यायचा, मुदत 30 दिवस. ही मुदत चुकली आणि उद्या कोणी दरखास्त लावली, तर दरखास्त चालवणारे कोर्ट तुमच्या पावतीकडे बघणार नाही. जप्ती असेल तर ती उठवण्याचा हुकूमही घ्या. डिक्री आणि पूर्तता हुकूम (भरपाई नोंदवल्याचा कोर्टाचा हुकूम) यांच्या प्रमाणित नकला काढून ठेवा. कागद कन्नडमध्ये असतील तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून सोबत जोडा. कोल्हापूरच्या शाखेत कन्नड वाचणारा भेटेलच असे नाही.

मग डिस्प्यूट, म्हणजे रिपोर्टमधल्या चुकीवर क्रेडिट कंपनीकडे हरकत. नवा रिपोर्ट काढा, प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. खाते अजून जुनेच दिसत असेल तर बाकी रक्कम, खात्याची स्थिती आणि सूट फाइल्ड या तिन्ही रकान्यांवर हरकत घ्या. एकच रकाना दुरुस्त होऊन बाकीचे तसेच राहतात, ही नेहमीची चूक आहे. चारही कंपन्यांचे रिपोर्ट तपासा आणि जिथे चूक दिसेल तिथे हरकत टाका. क्रेडिट कंपनी स्वतः काही बदलत नाही, बँकेला विचारते. म्हणून बँकेलाही त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

दुचाकीसाठी 'हे खाते माझे नाही' हा पर्याय निवडा, पॅन आणि जन्मतारखेचा पुरावा जोडा. आपल्या पट्ट्यात एकाच आडनावाची, एकाच वडिलांच्या नावाची माणसे गल्लोगल्ली असतात. त्यात नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलले की दोन माणसांच्या फायली एक होऊ शकतात. ही हरकत आजच टाका, कोर्टाच्या कामासाठी थांबू नका.

हरकतीच्या निकालाला 30 दिवस, त्यातले 21 दिवस बँकेला. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, ती जमा होण्यासाठी तक्रारीत तुमच्या बँक खात्याचा क्रमांक द्या. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, चौकशीला 14448.

दुरुस्त रिपोर्ट हातात आल्यावर सहा महिने ते वर्षभर नवीन कर्जाचा अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. तेवढ्या काळात उरलेल्या 2,38,000 मध्ये महिन्याला 20,000 ची भर घातलीत तर वर्षाअखेर 4,78,000 होतात. स्वतःचे 5 लाख आणि मुद्रांक शुल्क धरता 20 लाखांच्या कर्जाला तेही कमीच पडतात, तेव्हा बिल्डरला बुकिंगची रक्कम आत्ताच देऊ नका.